रिॲक्ट राउटरच्या रूटवरनं बाहेरच्या साइटवर पाठवायचं कसं? बॉक्सवर क्यूआर छापायचेत

चप्पल_लाइन_देव

नमस्कार मंडळी, अडचण छपाईच्या आधी सुटली पाहिजे म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमच्या काकांचं कोल्हापुरात चप्पल लाइनला दुकान आहे, त्यांची साइट मी बघतो. रिॲक्ट (जावास्क्रिप्टची लायब्ररी), बिल्डला व्हीट, पत्त्यानुसार पान दाखवायला रिॲक्ट राउटरची सहावी आवृत्ती, होस्टिंग नेटलिफायवर. आता काका नवीन बॉक्स छापून घ्यायलेत आणि त्यांना प्रत्येक बॉक्सवर तीन क्यूआर पाहिजेत, एक दुकानाच्या गुगल मॅपचा, एक व्हॉट्सॲपवर थेट मेसेज टाकायचा आणि एक पार्सल कुठवर आलंय ते बघायचा. थेट गुगलचा नाहीतर कुरियरचा पत्ता क्यूआरमध्ये घालायचा नाही, कारण मागं एका कुरियरवाल्यानं ट्रॅकिंगची लिंक न कळवता बदलली आणि छापलेली सगळी पत्रकं रद्दीत गेली. म्हणून असं ठरवलंय की क्यूआरमध्ये आपलाच डोमेन ठेवायचा, पुढं /मॅप, /व्हॉट्सॲप, /पार्सल, आणि तिथनं बाहेर पाठवायचं, म्हणजे उद्या कुरियर बदलला तरी बॉक्स तोच चालंल. हेच तीन दुवे साइटच्या मेनूतबी आहेत.

आता होतंय काय, /मॅपच्या रूटवर (राउटरमधल्या त्या पाथच्या नोंदीवर) दुसऱ्या पत्त्यावर नेणारा नॅव्हिगेट कंपोनंट ठेवला आणि टू मध्ये गुगल मॅपचा पूर्ण पत्ता दिला तर ॲड्रेस बारमध्ये आमचाच डोमेन राहतोय आणि त्याच्यापुढं तो सगळा बाहेरचा पत्ता चिकटतोय, खाली आमचंच ४०४ चं, म्हणजे पान सापडत नाही असं सांगणारं पान. यूजनॅव्हिगेटनं केलं तरी तेच. मग यूजइफेक्टमध्ये (कंपोनंट रेंडर झाल्यावर चालतो तो कोड) विंडो.लोकेशन.एचरेफ ला पत्ता दिला, तर जातंय बाहेर, पण मेनूतनं गेलेला माणूस बॅक दाबला की परत /मॅपवर येतोय आणि तिथनं लगेच परत गुगलवर, म्हणजे दुकानाच्या साइटवर त्याला परत येताच येईना. गंमत म्हणजे क्यूआर स्कॅन करून आलं तर हे असं होत नाही, हे काय मला कळलेलं नाही. आणि अजून एक, स्कॅन केल्यावर आधी आमचं अख्खं ॲप उतरतंय, पांढरा स्क्रीन दिसतोय, मग बाहेर जातंय, गगनबावड्याकडच्या गिऱ्हाइकाला नेट हळू असलं की हा वेळ लई वाटतोय.

बरोबर पद्धत कुठली, सांगा की कुणीतरी.


उद्यमनगरचा

भावा पहिल्यांदा नॅव्हिगेट का चालत नाही ते बघ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. राउटर पानं बदलतोय म्हणजे खरं तर ब्राउजरच्या हिस्टरी एपीआयला पुशस्टेट म्हणून सांगतोय की ॲड्रेस बारमधला पत्ता एवढा एवढा कर, पान तेच राहतंय. आणि पुशस्टेटला दुसऱ्या ओरिजिनचा, म्हणजे दुसऱ्या साइटचा पत्ता दिला तर ब्राउजर सिक्युरिटी एरर देतो, ते बरोबरच आहे, नाहीतर कुठलीबी फसवी साइट ॲड्रेस बारमध्ये बँकेचं नाव दाखवून बसली असती. त्यामुळं राउटर नॅव्हिगेटला दिलेलं सगळं आपल्याच ॲपमधला पाथ समजतो आणि मागं चिकटवतो. म्हणजे राउटरला बाहेर जाता येतच नाही, बाहेर जायचं काम ब्राउजरचं.

एचरेफच्या जागी विंडो.लोकेशन.रिप्लेस वापर. एचरेफ आणि असाइन हिस्टरीत नवीन नोंद टाकतात, रिप्लेस चालू नोंदीच्याच जागी नवीन पत्ता बसवतं, त्यामुळं बॅक दाबल्यावर मधलं /मॅप लागतच नाही. यूजइफेक्टमध्येच ठेव, रेंडर होताना करू नको.

क्यूआरनं आल्यावर अडकत नाही त्याचं कारण असं की पान पूर्ण लोड व्हायच्या आधी आणि माणसानं कुठं टच न करता स्क्रिप्टनं लोकेशन बदललं तर ब्राउजर आपणहून रिप्लेससारखंच वागतो, एचटीएमएलच्या स्टँडर्डमध्येच तसं आहे. मेनूतनं जाताना पान कधीच लोड झालेलं असतंय, वर माणसानं नुकतं बोट लावलेलं असतंय, म्हणून तिथं नवीन नोंद पडते. पण ह्याच्या भरवशावर राहू नको, सरळ रिप्लेस लिही.


शाहूपुरी_देव

लोडरमधनं (पान दाखवायच्या आधी राउटर चालवतो ते फंक्शन) रिडायरेक्ट परत केला तरी चालतंय की, क्रिएटब्राउजरराउटर वापरत असशील तर. लोडरचा रिडायरेक्ट दुसऱ्या ओरिजिनचा पत्ता ओळखतो आणि ब्राउजरला सोपवतो, कंपोनंट रेंडर व्हायच्या आधीच. जुना ब्राउजरराउटर टॅग असेल तर लोडरच नाहीत, मग वरचंच कर.


विद्यानगरची_ताई

वरचं दोन्ही बरोबर आहे, पण देव, तुझ्या प्रश्नातला खरा मुद्दा शेवटच्या ओळीत आहे, तो पांढरा स्क्रीन. मी कॉलेजात वेब शिकवते आणि प्रोजेक्टमध्ये हे सतत बघते, मुलं एकदा राउटर शिकली की प्रत्येक पाथ राउटरनंच सांभाळायचा असं धरून चालतात. तुझा क्यूआर स्कॅन करणारा माणूस तुझ्या ॲपमध्ये नाहीये. तो पहिल्यांदा सर्व्हरकडे येतोय. सर्व्हरला त्याच क्षणी माहीत आहे की ह्याला गुगल मॅपवर जायचंय, तरी आपण त्याला सगळी जावास्क्रिप्ट उतरवायला लावतो, ती चालवतो, रिॲक्ट उभं करतो आणि मग सांगतो की बाबा तुझं काम इथं नाही, पलीकडं जा. दुकानाच्या पायरीवर पत्ता विचारणाऱ्याला तिथंच हात दाखवतात, त्याला चप्पल काढायला लावून आत गादीवर बसवून मग पाठवत नाहीत.

नेटलिफायवर हे एका फाइलीत होतं. पब्लिक फोल्डरमध्ये अंडरस्कोर रिडायरेक्ट्स नावाची फाइल ठेव, एक्स्टेन्शन काही नाही. व्हीट ती बिल्डमध्ये जशीच्या तशी उचलतं. एका ओळीत तीन गोष्टी, आधी आपला पाथ, मग बाहेरचा पूर्ण पत्ता, मग ३०२, म्हणजे तात्पुरतं दुसरीकडे पाठवल्याचा कोड. तुझ्या सिंगल पेज ॲपसाठी स्लॅश स्टारवरून (म्हणजे कुठल्याही पाथवरून) इंडेक्स.एचटीएमएलला २०० अशी एक ओळ आधीपासून असणार, ती सगळ्यात खाली राहिली पाहिजे, कारण नेटलिफाय वरून खाली वाचतं आणि जुळलेला पहिला नियम लावतं. स्टारची ओळ वर राहिली तर खालच्या ओळींपर्यंत कोणी पोचणारच नाही.

आता ३०२ बद्दल, हे प्लीज नीट वाच कारण तू छापणार आहेस. नेटलिफायच्या ओळीत आकडा लिहिलाच नाहीस तर ते ३०१ धरतात. ३०१ म्हणजे कायमचा हलवलाय, आणि ब्राउजर ते लक्षात ठेवतो. ज्या गिऱ्हाइकानं एकदा स्कॅन केलं त्याच्या फोननं जुना कुरियरचा पत्ता साठवून ठेवला की पुढच्या वेळी तो तुझ्या सर्व्हरला विचारणारसुद्धा नाही, थेट जुन्या पत्त्यावर जाईल, आणि त्याच्या फोनमधली ती कॅश तुला इथून पुसता येत नाही. ३०८ चं पण तसंच. ३०२ आणि ३०७ हे तात्पुरते, वेगळा कॅशचा हेडर दिला नाही तर ब्राउजर दरवेळी परत विचारतो. उद्या पत्ता बदलता यावा म्हणूनच तू हा सगळा खटाटोप करतोयस, तर ३०१ नं तो पाया निघून जातो.

दुसरीकडे होस्टिंग असलेल्यांसाठी, व्हर्सेलच्या जेसन (सेटिंगच्या) फाइलीत परमनंट फॉल्स स्पष्ट लिहा, नाहीतर ३०८ जातो. एनजिनएक्स सर्व्हर असेल तर लोकेशन बरोबर-चिन्ह देऊन नेमका पाथ आणि आत रिटर्न ३०२, बरोबर-चिन्हाचा नियम ट्राय फाइल्सवाल्या लोकेशनच्या आधी लागतो, फाइलीत वर असो नाहीतर खाली.


चप्पल_लाइन_देव

ताई खूप उपयोग झाला, ३०१ चं मला अजिबात लक्षात आलं नसतं. फाइल टाकली, डिप्लॉय केलं, माझ्या फोनवर इन्कॉग्निटोत एकदम झटक्यात मॅप उघडतोय, पांढरा स्क्रीन गायब. पण दोन गोष्टी राहिल्यात. मेनूतनं दाबलं की अजून ती रिॲक्टचीच वाट धरतंय. आणि काकांच्या फोनवर स्कॅन केलं तरी आधी ॲपच उघडतंय, सर्व्हरचा नियम लागतच नाही. कॅश पुसून बघितली तरी काकांच्या फोनवर तसंच.


हिंजवडीतला_कोल्हापूरकर

काकांच्या होमस्क्रीनवर साइटचं आयकॉन आहे का, म्हणजे पीडब्ल्यूए (फोनवर ॲपसारखी बसणारी साइट) केलंय का साइटचं? तसं असेल तर सर्व्हिस वर्कर, म्हणजे साइटच्या विनंत्या फोनमध्येच पकडणारी स्क्रिप्ट, बघ. व्हीटचं पीडब्ल्यूए प्लगइन आपणहून नॅव्हिगेट फॉलबॅक म्हणून इंडेक्स.एचटीएमएल ठेवतं, म्हणजे ज्या फोनवर सर्व्हिस वर्कर एकदा बसला त्या फोनवर आपल्या डोमेनचा कुठलाबी पाथ उघडला की सर्व्हिस वर्कर मधेच पकडतो आणि साठवलेलं इंडेक्स.एचटीएमएल देऊन मोकळा होतो, विनंती सर्व्हरपर्यंत जातच नाही, मग तिथं ३०२ असलं काय आणि नसलं काय. इन्कॉग्निटोत चालतंय कारण तिथं सर्व्हिस वर्कर बसलेलाच नसतो. नेहमी येणाऱ्या गिऱ्हाइकालाच हा त्रास होणार, नवीन माणसाला नाही, म्हणून टेस्टिंगमध्ये हे सापडत नाही.

वर्कबॉक्सच्या (ते प्लगइन वापरतं त्या लायब्ररीच्या) सेटिंगमध्ये नॅव्हिगेट फॉलबॅक डिनायलिस्ट असते, त्यात /मॅप, /व्हॉट्सॲप वगैरेचे रेग्युलर एक्स्प्रेशन (पाथ जुळवायचे नमुने) घाल, त्या पाथला सर्व्हिस वर्कर हात लावणार नाही. पण ज्यांच्या फोनवर जुना सर्व्हिस वर्कर आहे त्यांना नवीन मिळेपर्यंत जुनंच चालणार, म्हणून रिॲक्टमधला रिप्लेसवाला रूट काढून टाकू नको, तो राहू दे. आणि त्या रूटमध्ये बाहेरचाच पत्ता दे, परत आपल्याच /मॅपला रीलोड करून सर्व्हरकडं पाठवायचं डोक्यात आलं तर करू नको, जुना सर्व्हिस वर्कर परत इंडेक्स देणार, परत रूट, परत रीलोड, फिरतच राहणार.

पत्ते दोन ठिकाणी झाले हे मात्र वाईट, एकीकडं बदलला आणि दुसरीकडं राहिला असं होणारच कधीतरी. एका जेसनमध्ये तिन्ही पत्ते ठेव, ॲपबी तिथनं वाचू दे आणि बिल्डच्या आधी छोटी नोडची स्क्रिप्ट त्याच जेसनवरनं रिडायरेक्ट्सची फाइल लिहू दे. दहा-बारा ओळींचं काम आहे.

मेनूचं सोपं आहे. राउटरचा लिंक टॅग क्लिक अडवतो म्हणून सर्व्हरकडं जात नाही. तिथं साधा अँकर टॅग ठेव, एचरेफ /मॅप. नाहीतर लिंकलाच रीलोड डॉक्युमेंट हा प्रॉप दे, तेच होतंय. फक्त लोकल मशीनवर व्हीटच्या डेव्ह सर्व्हरला नेटलिफायचे नियम माहीत नसतात, तिथं ते इंडेक्सच देणार, नियम तपासायचे असतील तर नेटलिफाय डेव्ह चालव.


गंगावेश

एवढं कशाला प्रत्येक दुव्याला वेगळा रूट, मी एका क्लायंटला /गो असा एकच रूट करून दिलाय, पुढं क्वेरीत यूआरएल द्यायचा, कंपोनंट तो वाचतो आणि रिप्लेस करतो. नवीन दुवा पाहिजे तर कोडला हातच लावायला नको. चार ओळींत काम.


उद्यमनगरचा

नको भावा, हे नको करू, आणि क्लायंटचं पण आज बदल. ह्याला ओपन रिडायरेक्ट म्हणतात, सॉफ्टवेअरमधल्या उणिवांच्या सीडब्ल्यूई यादीत ६०१, वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्पच्या २०१३ च्या टॉप टेनमध्ये दहावा मुद्दाच हा होता. आता विचार कर, देवच्या काकांच्या दुकानाच्या नावाचा डोमेन, त्यापुढं /गो आणि क्वेरीत कुणीतरी फसव्या पेमेंट पानाचा पत्ता घातला, आणि नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला लोक बाहेरनं येतात त्या गर्दीच्या दिवसांत ती लिंक व्हॉट्सॲपवर फिरवली की चपलेवर मोठी सूट. लोक डोमेन बघतात, दुकान ओळखीचं, दाबतात, पैसे गेले. दुकानदाराचा काही संबंध नसताना नाव त्याचं जाणार. इतक्या वर्षांत कमावलेलं नाव आहे ते, चार ओळी वाचवायला ते पणाला लावायचं नाही.

आणि नुसतं बाहेर पाठवण्यापुरतं हे थांबत नाही. क्वेरीतलं जसंच्या तसं लोकेशनला दिलं आणि त्यात जावास्क्रिप्ट कोलन नं सुरू होणारं काही आलं तर ते तुझ्या साइटवर, तुझ्या ओरिजिनमध्ये चालतं, म्हणजे लॉगिन टोकन लोकल स्टोरेजमध्ये असेल तर तेबी गेलं.


गंगावेश

हे गंभीर आहे, मान्य. पण सुरुवात तपासली तर? म्हणजे पत्ता एचटीटीपीएस आणि कुरियरच्या डोमेननंच सुरू होतोय एवढं बघायचं, नाहीतर स्लॅशनं सुरू होत असेल तर आपलाच पाथ म्हणून सोडायचं.


विद्यानगरची_ताई

स्टार्ट्सविथवर, म्हणजे नुसती सुरुवात तपासण्यावर विसंबू नका. कुरियर.कॉम नं सुरू होतंय म्हणालात तर कुरियर.कॉम.फसवीसाइट.कॉम पण तसंच सुरू होतं. स्लॅशचं तर आणखी फसवं आहे, दोन स्लॅशनं सुरू होणारा पत्ता म्हणजे दुसराच होस्ट, आणि स्लॅशनंतर बॅकस्लॅश दिला तरी ब्राउजर ते दोन स्लॅशसारखंच धरतात. तपासायचंच असेल तर न्यू यूआरएल नं पार्स करा, मग प्रोटोकॉल एचटीटीपीएसच आहे का आणि होस्ट तुमच्या यादीतल्या एखाद्याशी तंतोतंत जुळतो का, एवढं बघा.

पण त्याहून बरं म्हणजे क्वेरीत पत्ता घ्यायचाच नाही. छोटं नाव घ्यायचं, /गो/मॅप, /गो/कुरियर, आणि नावावरून पत्ता आपल्या यादीतून काढायचा. यादीत नाव नसेल तर होमपेज. मग बाहेरून कुणी काही घालूच शकत नाही. हिंजवडीतल्या दादांनी वर सांगितलेलं जेसन ह्याला तसंच वापरता येईल.


गंगावेश

हो ताई, हे पटलं. नावावरनं यादीत बघायचं असंच करतो आणि क्लायंटला आजच कळवतो.


साने_गुरुजी_वसाहत

मधेच विचारतो, माझं व्ह्यूमध्ये आहे आणि मित्राचं अँग्युलरमध्ये, तिथं कसं?


शाहूपुरी_देव

व्ह्यू राउटरमध्ये त्या रूटला बिफोरएंटर गार्ड (रूट उघडायच्या आधी चालणारं फंक्शन) लाव, आत विंडो.लोकेशन.रिप्लेस आणि रिटर्न फॉल्स, कंपोनंट उभा राहायच्या आधीच निघतो. अँग्युलरला कॅनॲक्टिव्हेट गार्डमध्ये तेच. स्वेल्टकिटमध्ये गोटू ला बाहेरचा पत्ता दिलेला दुसऱ्या आवृत्तीपासून चालत नाही, तिथंबी विंडो.लोकेशनच. नेक्स्टला कॉन्फिगमध्येच रिडायरेक्ट्स लिहायची सोय आहे, ते सर्व्हरवर होतंय. पण ताईंनी सांगितलेलं सगळ्यांना लागू, थेट उघडला जाणारा पाथ असेल तर आधी होस्टिंगवर बघा.


राजारामपुरीची_डिझायनर

देवदादा, मी पॅकेजिंगचं डिझाइन करते म्हणून एक वेगळं विचारते. बॉक्सवरचा क्यूआर सगळ्या बॉक्सवर एकच असणार ना? प्लेट एकदाच बनते. मग /पार्सल स्कॅन केल्यावर कुणाचं पार्सल ते साइटला कसं कळणार? मॅप आणि व्हॉट्सॲप सगळ्यांना सारखाच, पण पार्सलचा नंबर प्रत्येकाचा वेगळा. नंबर नसताना कुरियरच्या होमपेजवर नेऊन सोडलं तर वयस्कर माणसाला तिथं काही सापडणार नाही, इंग्रजीत पंचवीस बटणं असतात. आणि बॉक्स हातात आहे म्हणजे पार्सल पोचलंच आहे, तो क्यूआर बॉक्सवर कशाला? बाहेरच्या पुड्यावर नाहीतर बिलावर पाहिजे.


चप्पल_लाइन_देव

हे फारच मोलाचं बोललात ताई. काकांना विचारलं, ते म्हणाले बरोबर आहे पोरीचं, पार्सलचा क्यूआर बिलाच्या फोटोबरोबर व्हॉट्सॲपवर जाऊ दे आणि बॉक्सवर दोनच ठेव. पण दुकानात येऊन ऑर्डर देणाऱ्याला छापील पावती मिळते, तिच्यावर नुसतं /पार्सल राहणार, त्या लिंकमध्ये नंबर नसणार. मग तिथं कसं करू?


हिंजवडीतला_कोल्हापूरकर

मग /पार्सल हा खराखुरा रिॲक्टचा रूट ठेव. नंबर टाइप करायचा एक मोठा बॉक्स, त्यावर 'पावतीवरचा नंबर टाका', आणि खाली मराठीत एक बटण. त्याला रिडायरेक्टचा नियम नको, तो स्टारच्या ओळीनं इंडेक्सवर जाऊ दे. बटण दाबलं की नंबर एन्कोडयूआरआयकंपोनंटमधनं (मजकूर पत्त्यात चालंल असा करणारं फंक्शन) काढून कुरियरच्या पत्त्यात घाल आणि पाठव. इथं मात्र रिप्लेस नको, असाइन वापर. नंबर चुकीचा टाकला आणि कुरियरनं सापडत नाही म्हटलं तर माणूस बॅक दाबणार आणि त्याला तुझा नंबराचा बॉक्स परत दिसला पाहिजे. म्हणजे मधला रूट नुसता वाट दाखवायला असेल तर रिप्लेस, माणसानं तिथं थांबून काही केलं असेल तर असाइन.

व्हॉट्सॲपवर पाठवायच्या लिंकमध्ये नंबर आहेच, तिथं /पार्सल/नंबर असा पाथ कर आणि नेटलिफायच्या फाइलीत कोलन देऊन प्लेसहोल्डर (नंबराची जागा धरणारं नाव) लिही, तोच प्लेसहोल्डर बाहेरच्या पत्त्यात नंबराच्या जागी. ३०२ अर्थात. डिनायलिस्टमध्ये पण /पार्सल/ च्या पुढं काही असलेलाच पाथ जाईल असं रेग्युलर एक्स्प्रेशन लिही, नुसतं /पार्सल त्यात यायला नको.

बटणावर स्पिनर (लोड होतंय दाखवणारं फिरतं चक्र) लावणार असशील तर अजून एक. बाहेर जाऊन बॅक आलं की बऱ्याचदा ब्राउजर पान नव्यानं लोड करत नाही, बॅक-फॉरवर्ड कॅशमधनं होतं तसं उठवतो, सफारीत हे हमखास दिसतंय, आणि स्पिनर तसाच फिरत राहतो. पेजशो इव्हेंट ऐकायचा, त्यात पर्सिस्टेड ट्रू असलं की स्पिनर बंद करायचा.


शाहूपुरी_देव

नवीन टॅबमध्ये उघडायचा विचार असेल तर फॉर्मच्या आत आधी एपीआय कॉल आणि त्याच्या उत्तरानंतर विंडो.ओपन असं करू नको. माणसाच्या क्लिकपासून लांब गेलं की पॉपअप ब्लॉकर अडवतो, आयफोनवर तर हमखास. त्याच टॅबमध्ये जाऊ दे. साध्या अँकरला टार्गेट ब्लँक (नवीन टॅब) देणार असशील तर रेल मध्ये नोओपनर (नव्या टॅबला आपल्या पानाला हात लावू न देणारा) लिही, २०२१ पासून क्रोम ते आपणहून धरतो पण जुने फोन अजून लोकांकडं आहेत.


चप्पल_लाइन_देव

सगळं बसवलं. जेसनवरनं फाइल तयार होतेय, डिनायलिस्ट टाकली, काकांच्या फोनवर नवीन सर्व्हिस वर्कर आल्यावर सरळ मॅप उघडतोय. व्हॉट्सॲपच्या पत्त्यात मात्र "नमस्कार, मला मापाबद्दल विचारायचं आहे" एवढा मजकूर आधीच भरून पाहिजे, ते रिडायरेक्ट्सच्या फाइलीत थेट मराठीत लिहू का? आणि किती जणांनी बॉक्सवरनं स्कॅन केलं ते काकांना बघायचंय. आधी रिॲक्टच्या रूटमध्ये मोजता आलं असतं, आता ॲप उघडतच नाही.


विद्यानगरची_ताई

मराठी मजकूर एन्कोड करूनच लिही, तू जेसनवरून फाइल बनवतोयस तर जेसनमध्ये साधं मराठी ठेव आणि स्क्रिप्टलाच एन्कोड करू दे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं, एन्कोड झाल्यावर नऊ अक्षरांचं होतं, नुसता नमस्कार ६३ अक्षरं होतो, काना आणि हलन्तसुद्धा वेगळे धरून. बघायला भीतीदायक दिसेल पण चालतं. आणि हा लांब पत्ता क्यूआरमध्ये जात नाही, क्यूआरमध्ये फक्त /व्हॉट्सॲप आहे, हा पण आपल्या पद्धतीचा फायदाच. डब्ल्यूए.मी च्या पुढे नंबर ९१ पासून, मध्ये अधिक-चिन्ह किंवा शून्य नको.

मोजायचं असेल तर नेटलिफाय फंक्शन (त्यांच्या सर्व्हरवर चालणारा छोटा कोड) कर. /मॅपचा नियम बाहेरच्या पत्त्याऐवजी फंक्शनकडे २०० नं वळव, फंक्शन मोजणी नोंदवेल आणि स्वतः ३०२ आणि लोकेशन हेडर परत देईल, सोबत कॅश-कंट्रोल नो-स्टोअर, म्हणजे ब्राउजरनं ते साठवू नये. नोंद करताना काही बिघडलं तरी ३०२ गेलाच पाहिजे असं लिही, मोजणीपायी गिऱ्हाईक अडकायला नको. बॉक्सवरचा आणि मेनूतला आकडा वेगळा हवा असेल तर बॉक्ससाठी वेगळा पाथ घे, कारण छापल्यावर तो वेगळा करता येणार नाही. आणि व्हॉट्सॲपवर कुणी ती लिंक पुढे पाठवली तर प्रिव्ह्यूसाठी पण एक विनंती येते, तेवढा आकडा फुगतो हे काकांना आधी सांग.


राजारामपुरीची_डिझायनर

बॉक्सचा पाथ वेगळा घेणार असाल तर तो अगदी छोटा घ्या, /बी/१ असा. पत्ता जितका छोटा तितके क्यूआरचे चौकोन मोठे, आणि तपकिरी पुठ्ठ्यावर शाई पसरते त्यामुळं बारीक चौकोन एकमेकांत मिसळतात. एरर करेक्शन क्यू लेव्हलचं घ्या, साधारण २५ टक्के खराब झालं तरी वाचतं. चारी बाजूंनी चार चौकोनांएवढी मोकळी जागा सोडायला लावा, छापणारे ती डिझाइनच्या पट्टीत खातात. पूर्ण पत्ता कॅपिटल अक्षरांत लिहिला तर क्यूआर अजून सुटसुटीत होतो, पण मग पाथ कॅपिटलमध्ये आल्यावर चालतोय का ते सर्व्हरच्या नियमात बघून घ्या.


उद्यमनगरचा

आणि प्रूफ मंजूर करायच्या आधी टर्मिनलमध्ये कर्ल डॅश आय नं (सर्व्हरचं उत्तर दाखवणारी आज्ञा) प्रत्येक पाथ मारून बघ, पहिल्या ओळीत ३०२ आणि लोकेशनमध्ये बरोबर पत्ता दिसला पाहिजे. २०० दिसलं तर नियम स्टारच्या खाली गेलाय, ३०१ दिसलं तर आकडा लिहायचा राहिलाय. कॅपिटल पाथ पण मार.


चप्पल_लाइन_देव

कर्लनं बघितलं, /बी/१ आणि /बी/२ दोन्हीला ३०२ येतंय, कॅपिटलची ओळ वेगळी टाकली तीबी बरोबर. /पार्सलला २०० येतंय, नंबर लावला की ३०२. डोमेनची मुदत बघितली तर पुढच्या वर्षी संपत होती, बॉक्स त्याहून जास्त दिवस लोकांच्या घरी राहणार म्हणून काकांनी आजच वाढवून घेतली. छापखान्यात सोमवारी पुठ्ठ्यावरचं प्रूफ मिळणार आहे, ते आयफोन, जुना अँड्रॉइड आणि काकांचा फोन अशा तिन्हींवर स्कॅन करून मगच सही करतो.